इंजेक्शन पेन आणि ऑटोइंजेक्टर यांचे यांत्रिक डिझाइन : नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन औषध देणाऱ्या उपकरणांच्या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की, येथील मुख्य काम म्हणजे संगणकावर एखादी सुबक यंत्रणा उभी करणे. इंजेक्शन पेन (डायलवर मात्रा ठरवून बटण दाबायचे उपकरण) आणि ऑटोइंजेक्टर (स्प्रिंगच्या बलाने औषध आपोआप टोचणारे उपकरण) यांवर अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे मत जवळजवळ याच्या विरुद्ध झाले आहे. डिझाइनची सुरुवात औषधाच्या दाटपणापासून, सुईच्या आतल्या व्यासापासून आणि उपकरण ज्या हातात जाणार आहे त्या हाताच्या ताकदीपासून होते. या तिन्हींमधून बलाचा एक हिशेब तयार होतो आणि तो ज्याला नीट मांडता येतो, त्याला यंत्रणा कशी असावी याचे अर्धे उत्तर त्या हिशेबातच मिळते.

एक उदाहरण घेऊ. १ मिलिलिटर औषध भरलेली काचेची प्रीफिल्ड सिरिंज आहे आणि तिचा आतला व्यास ६.३५ मिलिमीटर आहे. तिला २७ गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचा क्रमांक), ०.२१ मिलिमीटर आतल्या व्यासाची आणि २० मिलिमीटर लांबीची सुई आहे. औषधाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला विरोध करणारा दाटपणा, १० सेंटिपॉइज, म्हणजे पाण्याच्या साधारण दहापट आहे आणि सगळे औषध १० सेकंदांत शरीरात गेले पाहिजे. द्रवयांत्रिकीच्या पहिल्या अभ्यासक्रमात शिकलेले हेगन-प्वासेचे सूत्र लावले, तर एवढ्या प्रवाहासाठी सुमारे ४.२ बार दाब लागतो आणि त्याला स्टॉपरच्या (सिरिंजमधले औषध पुढे ढकलणाऱ्या रबरी बुचाच्या) क्षेत्रफळाने गुणल्यावर १३ न्यूटनांच्या आसपास बल येते. आता सुईचा व्यास केवळ दहा टक्क्यांनी कमी धरून पाहा. सूत्रात त्रिज्येचा चौथा घात असल्यामुळे तेच बल २० न्यूटनांपर्यंत चढते. म्हणून सुईच्या ड्रॉइंगवर व्यासाचा नाममात्र आकडा पाहून पुढे जाऊ नये. पुरवठादाराकडून किमान व्यास लेखी मागून घ्यावा आणि सगळा हिशेब त्या किमान व्यासावर करावा.

या बलात घर्षण धरलेले नाही. सिरिंजच्या आतल्या भिंतीवर सिलिकॉन तेलाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो आणि रबरी स्टॉपर त्यावरून सरकतो. चाचणी यंत्रावर सिरिंज उभी लावून प्लंजर (स्टॉपरला ढकलणारा दांडा) ठरावीक वेगाने खाली दाबला की पडद्यावर जो आलेख उमटतो, तो प्रत्येक नवख्याने स्वतः पाहावा असे मला मनापासून वाटते. सुरुवातीला रेषा झपकन वर जाते, कारण बराच काळ एका जागी बसून राहिलेला स्टॉपर भिंतीला चिकटलेला असतो; तो सुटला की रेषा खाली येते आणि मग जवळपास सपाट चालते; शेवटी स्टॉपर सिरिंजच्या खांद्याला टेकला की पुन्हा उभी चढते. पहिल्या शिखराला आम्ही ब्रेक-लूज म्हणतो आणि सपाट भागाला ग्लाइड. त्या सपाट रेषेतली बारीक थरथर पाहून सिलिकॉनचा थर कुठे विरळ आहे याचा अंदाज येतो. हीच सिरिंज दोन वर्षे साठवून ठेवल्यावर पहिले शिखर अनेकदा अधिक उंच झालेले दिसते, आणि उपकरणाला चालायचे असते ते त्या दिवशी.

ऑटोइंजेक्टरमध्ये हे बल स्प्रिंग पुरवते आणि येथे हिशेब अधिक रंजक होतो. १ मिलिलिटरसाठी स्टॉपरला सुमारे ३२ मिलिमीटर प्रवास करावा लागतो. स्प्रिंगचा दर, म्हणजे लांबी बदलताना बल किती बदलते तो आकडा, मिलिमीटरमागे अर्धा न्यूटन असेल, तर या प्रवासात तिचे बल १६ न्यूटनांनी उतरते. शेवटच्या मिलिमीटरला २० न्यूटन हवे असतील, तर सुरुवातीला ३६ न्यूटन असलेच पाहिजेत. हे ३६ न्यूटन कारखान्यात जुळणी झाल्यापासून रुग्णाने उपकरण वापरेपर्यंत प्लॅस्टिकच्या एका लहानशा खाचेवर टेकून असतात आणि सुटताच ते काचेच्या सिरिंजच्या कडेवर आघात करतात. दर कमी केला तर सुरुवातीचे बल कमी होते, परंतु स्प्रिंग लांब आणि सडपातळ होते, ती वाकू नये म्हणून तिच्या आत दांडी घालावी लागते आणि उपकरणाची लांबी वाढते. या ओढाताणीतून मार्ग काढणे हेच आमचे रोजचे काम आहे.

नवख्यांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. चाचणी यंत्र वेग ठरवते आणि बल मोजते. स्प्रिंग मात्र बल ठरवते आणि वेळ हा त्याचा परिणाम असतो. सुई थोडी अरुंद निघाली, औषध थेट शीतकपाटातून काढून वापरले आणि घर्षण वरच्या मर्यादेला असले, तर उपकरण बिघडत नाही. ते फक्त सावकाश चालते. पाण्यासारखा साधा द्रवसुद्धा ५ अंश सेल्सिअसला २० अंशांपेक्षा दीडपट दाट असतो, मग दाट प्रथिनद्रावणांचा प्रश्न तर त्याहून गंभीर ठरतो. अशा वेळी दहा सेकंदांची अपेक्षा असलेले इंजेक्शन वीस सेकंद चालते, रुग्णाला वाटते की काम झाले, तो उपकरण त्वचेवरून उचलतो आणि उरलेले औषध बाहेर सांडते. यंत्रणेच्या दृष्टीने सारे नियमात असूनही मात्रा अपुरी पडते. म्हणून इंजेक्शन संपल्याची खूण, मग तो टिक असा आवाज असो वा खिडकीत पूर्ण दिसणारा रंगीत दांडा, ही शोभेची वस्तू नसून मात्रा अचूक ठेवणारा भाग आहे. ही खूण खरोखर प्रवास संपल्यावरच यावी, थोडी आधी नव्हे, यासाठी टॉलरन्सचा (भागांच्या मापांत चालू शकणाऱ्या फरकाचा) जो हिशेब करावा लागतो तो मला या क्षेत्रातला सर्वांत कठीण आणि सर्वांत समाधान देणारा भाग वाटतो.

इन्सुलिन पेनची अडचण वेगळी आहे. पहिले इन्सुलिन पेन, नोव्हो कंपनीचे नोव्होपेन, १९८५ मध्ये आले. आजच्या बहुतेक पेनांत ३ मिलिलिटरचे काडतूस असते. नेहमीच्या शंभर युनिट प्रति मिलिलिटर इन्सुलिनमध्ये एक युनिट म्हणजे ०.०१ मिलिलिटर. काडतुसाचा आतला व्यास सुमारे ९.७ मिलिमीटर धरला, तर एका युनिटसाठी स्टॉपर केवळ ०.१३ ते ०.१४ मिलिमीटर सरकतो. एवढ्या अंतरात स्क्रू, नट, रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारी दातेरी रचना) आणि डायल यांच्यातली सगळी सैल जागा सामावते. रिकामे, सुई काढलेले पेन किंवा सरावाचा नमुना मिळाला तर तो सावकाश उघडून डायल एकेक टिक फिरवत स्क्रू किती पुढे येतो ते पाहावे. बटण पूर्ण दाबल्यावरही सुई काही सेकंद आतच ठेवण्याची सूचना का असते, याचे उत्तरही तेथेच मिळते: रबर दाबले जाते आणि मग हळूहळू पूर्वस्थितीला येते, तोवर सुईच्या टोकातून थेंब येत राहतो.

प्लॅस्टिकबद्दल दोन शब्द. महाविद्यालयात आपण पोलादाच्या सवयीने विचार करायला शिकतो आणि ताण मर्यादेखाली आहे एवढे पाहून समाधान मानतो. प्लॅस्टिकचा भाग मर्यादेखालच्या ताणातही वर्षानुवर्षे हळूहळू वाकत जातो, आणि पॉलिकार्बोनेटसारख्या पदार्थाला ताणाखाली असताना चुकीचा द्रव लागला तर त्याला तडे जातात. सरकणाऱ्या भागांसाठी पीओएम (अ‍ॅसिटल) हे प्लॅस्टिक उत्तम असते, परंतु गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे असेल तर ते बाद होते. त्यातच साच्यातल्या प्रत्येक कॅव्हिटीतून (भाग घडवणाऱ्या पोकळीतून) येणारा भाग किंचित वेगळा असतो. साचेकाराशेजारी उभे राहून भिंतीची जाडी, उतार आणि जोडरेषा यांवर चर्चा करण्याची संधी मिळाली तर ती कधीही सोडू नये. संगणकावर दिसणारा तीक्ष्ण कोपरा साच्यात कसा वागतो हे तेथे जितके कळते तितके कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये कळत नाही.

आता हाताविषयी. ऑटोइंजेक्टरमधून दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांचा मोठा उपयोग संधिवातासाठी, विशेषतः रूमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी होतो. म्हणजे ज्या आजारासाठी उपकरण आहे, तोच आजार बोटांची पकड घालवतो. टोपणाची ओढ हा आमच्या ड्रॉइंगवरचा एक आकडा असतो. वापराच्या एका चाचणीत सुजलेल्या सांध्यांच्या एका वयस्कर बाईंनी टोपण तळहात आणि मांडी यांच्यामध्ये धरून शरीराच्या वजनाने ओढून काढले, तेव्हा त्या आकड्याचा खरा अर्थ मला समजला. टोपण फार सैल करता येत नाही, कारण ते सुईचे रबरी आवरणही बरोबर काढते आणि पडझडीत निघून आल्यास सुई उघडी पडते. त्यामुळे आम्ही ओढ तशीच ठेवून टोपणाचा व्यास वाढवला आणि त्यावर पकडीसाठी कडा दिल्या. अशा चाचण्यांची पद्धत आयईसी ६२३६६-१ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे. डिझायनरने त्यांचा केवळ अहवाल न वाचता काचेमागे बसून त्या प्रत्यक्ष पाहाव्यात, असा माझा आग्रह असतो.

आणीबाणीच्या इंजेक्टरची कसोटी मात्र निराळी असते. अ‍ॅड्रेनॅलिन देणाऱ्या एपिपेनला १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. असे उपकरण कपड्यांवरूनही चालावे लागते आणि ते चाललेच पाहिजे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मधील मार्गदर्शक मसुद्यात अशा इंजेक्टरसाठी ९९.९९९ टक्के विश्वसनीयतेची अपेक्षा ९५ टक्के खात्रीसह मांडली. केवळ नमुने चालवून हे सिद्ध करायचे तर एकही अपयश न येता सुमारे तीन लाख उपकरणे चालवावी लागतील; म्हणूनच बिघाडाची प्रत्येक शक्यता कागदावर उलगडून तिची कारणे मुळापर्यंत शोधण्याची सवय येथे अनिवार्य ठरते.

कागदपत्रांचा अनेकांना कंटाळा येतो. तरीही पेन आणि ऑटोइंजेक्टरसाठीची आयएसओ ११६०८ मालिका आणि जोखमीसाठीचे आयएसओ १४९७१ ही मानके पहिल्याच महिन्यात वाचून काढावीत. उपकरण १ मीटरवरून पाडून मात्रा तपासण्यासारख्या अटी वाचताना आपल्या यंत्रणेतला नाजूक भाग कोणता हे आपसूक डोळ्यांसमोर येते.

नोकरीच्या तयारीसाठी विचारणाऱ्यांना मी एक प्रयोग सुचवतो. दोन-तीन वेगवेगळ्या गेजच्या सुया, एकाच मापाच्या सिरिंजा, एक वजनकाटा, एक स्टॉपवॉच आणि ग्लिसरीन एवढेच साहित्य लागते. वजनाने ६० टक्के ग्लिसरीन असलेले पाण्याचे मिश्रण २० अंशांना पाण्यापेक्षा सुमारे अकरापट दाट असते. सिरिंज उभी बांधून प्लंजरवर ठरावीक वजन ठेवावे, भांड्यात किती वेळात किती द्रव आला ते नोंदवावे, आणि तोच प्रयोग शीतकपाटातल्या मिश्रणाने पुन्हा करावा. सुया कुणाला टोचणार नाहीत आणि नंतर योग्य डब्यातच जातील याची काळजी घ्यावी. मोजलेले आकडे सूत्राशी जुळणार नाहीत. घर्षण किती होते, सुईचा खरा व्यास किती असावा आणि तापमान किती बदलले हे शोधून त्या फरकाचे कारण एका पानात लिहावे. मुलाखतीला येताना ते पान सोबत आणलेल्या उमेदवाराशी मी संगणकावरच्या चित्रांऐवजी त्या पानावरच बोलतो.