कपातीनंतरही वॉर्ड नीट चालवायचाय? मग या चुका टाळा

आमच्या रुग्णालयातल्या मेट्रनबाई, म्हणजे मुख्य परिचारिका, महिन्याची ड्युटी लिस्ट कायम निळ्या बॉलपेनने लिहायच्या. एका महिन्यात ती पेन्सिलीने लिहून आली. कुणी चकार शब्द काढला नाही, पण दुपारी पाळी बदलताना होणाऱ्या हँडओव्हरपर्यंत तिन्ही मजल्यांवर बातमी पोचली होती: माणसं कमी होणार. व्यवस्थापनाने बैठक घेतली ती त्यानंतर नऊ दिवसांनी.

मी खासगी रुग्णालयात एचआरचं काम बघते. कोविडच्या लाटा ओसरल्या तशा वाढवलेल्या खाटा रिकाम्या पडल्या, जंबो केंद्रं बंद झाली, कॉन्ट्रॅक्टवरच्या सिस्टर आणि ब्रदर घरी बसले. आमच्याकडेही कपात झाली. त्यात आमच्या हातून जे चुकलं, तेच इथे मांडते.

‘अजून काही ठरलेलं नाही’ म्हणत राहणं

रुग्णालयात दिवसातून तीन वेळा हँडओव्हर होतो, म्हणजे अफवेलाही दिवसातून तीनदा गाडी मिळते. मावशींना बिलिंगमधून कळतं, बिलिंगला अकाउंट्समधून. तुम्ही गप्प राहिलात तर आठ जणांची कपात संध्याकाळपर्यंत चाळीस जणांची होते.

जे ठरलंय ते सांगा: कुठल्या विभागात, साधारण किती, कुठल्या तारखेपर्यंत. जे ठरलेलं नाही ते कधी ठरेल, तेही सांगा. आणि हे सकाळी अकराच्या बैठकीत एकदा सांगून मोकळं होऊ नका. नाइटवाल्यांना दर वेळी दुसऱ्याच्या तोंडून कळतं आणि ते त्यांना बरोबर लागतं. रात्री साडेआठला एकदा स्वतः जाऊन उभं राहा. प्रश्न विचारणारं कुणी नसलं तरी चालेल, तुम्ही आलात हे दिसतं.

‘आता यापुढे कुणालाही काढणार नाही’ असं मात्र ठोकून देऊ नका. ‘31 मार्चपर्यंत आणखी कपात नाही’ एवढं पाळता येत असेल तर तेवढंच बोला.

निरोप गेटवर देणं

ही आमची सगळ्यात मोठी चूक. एक सिस्टर नाइटला आली, बायोमेट्रिकवर अंगठा ठेवला, मशीनने घेतला नाही. तिला वाटलं हात ओला असेल. तिने तो ओढणीला पुसून पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा सिक्युरिटीवाल्या मामांनी हळू आवाजात सांगितलं, “सिस्टर, तुमचं नाव काढलंय. सकाळी ऑफिसात या म्हणाले.” मागे रांगेत अकरा जण होते. त्या रात्री त्या अकरा जणांनी काय काम केलं असेल ते वेगळं सांगायला नको. राहिलेल्या माणसांचा विश्वास त्या मशीनपाशीच उडाला.

निरोप समोर बसवून द्यायचा, मेट्रनबाई किंवा विभागप्रमुखांच्या उपस्थितीत, दार लावून. चालू ड्युटीत कधीच नाही. हातात औषधांचा ट्रे असलेल्या माणसाला नोकरी गेल्याचं सांगणं रुग्णाच्या दृष्टीनेही धोक्याचं.

कागद आधी तयार ठेवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कारण देऊन महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. त्या त्या वर्गात शेवटी आलेला आधी जातो, हा सर्वसाधारण नियम; तो मोडायचा तर कारण नोंदवावं लागतं. वेतन संहितेप्रमाणे राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. तुमचं रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर ‘उद्योग’ या व्याख्येत बसतं की नाही, हे आधी कामगार वकिलाला विचारून घ्या.

कायद्यापलीकडचं एक काम: अनुभव प्रमाणपत्र त्याच दिवशी हातात द्या. सिस्टरची पुढची नोकरी त्या कागदावर अडते. दोन-दोन महिने चकरा मारायला लावणारी रुग्णालयं मी पाहिली आहेत, आणि चकरा मारणारी बाई दर वेळी जुन्या वॉर्डात डोकावून जाते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

माणूस काढला, काम तसंच ठेवलं

कपातीची पहिली कुऱ्हाड बहुतेक वेळा मावशी आणि वॉर्डबॉयवर पडते. कागदावर ते सोपं दिसतं. प्रत्यक्षात मग रक्ताची पिशवी आणायला सिस्टर धावते, एक्स-रेला स्ट्रेचर ढकलते, बेडपॅनही तीच देते. साध्या वॉर्डात सहा रुग्णांमागे एक नर्स आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक, हे प्रमाण सगळ्यांना पाठ असतं. तक्त्यावर ते जुळलेलंही दिसतं. पण त्या एका नर्सचा अर्धा वेळ जिन्यात गेला तर जुळलं कुठे?

आमच्याकडे एका सिस्टरने मला समोर बसवून दाखवलं: रुग्णाचा बीपी ती केस पेपरवर लिहायची, मग वॉर्डच्या रजिस्टरमध्ये, मग संगणकात. एकच आकडा तीनदा. त्यातलं रजिस्टर आम्ही बंद केलं. त्या दिवशी वॉर्डात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. तेव्हा नावांच्या यादीसोबत ‘आजपासून हे काम करायचं नाही’ अशीही यादी काढा.

तेवढ्यानेही भागत नसेल तर खाटा बंद करा. व्यवस्थापनाला हे ऐकायला आवडत नाही, मला माहीत आहे. पण चाळीस खाटा आणि तीस खाटांपुरतीच माणसं, हे गणित सुटत नाही. दर आठवड्याला डबल ड्युटी लावून ते सुटल्यासारखं वाटतं, इतकंच.

केक, कुटुंब आणि ग्रॅनाइट

‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य कपातीच्या काळात तोंडातून काढू नका. घरातून कुणी महिन्याची नोटीस देऊन काढत नाही. 12 मेला परिचारिका दिनाचा केक जरूर कापा, पण थकलेला ओव्हरटाइम आधी द्या. आणि त्याच महिन्यात रिसेप्शनला नवं ग्रॅनाइट बसवू नका. पैसा वेगळ्या खात्यातला असेलही, दिसताना तसं दिसत नाही.

बिनसलंय हे कसं ओळखायचं

नाइटच्या आजारपणाच्या रजा अचानक वाढतात, हे तर सगळेच बघतात. मी आधी बघते ते इन्सिडंट रिपोर्टचं रजिस्टर. चुकीचं औषध देता देता राहिलं, रुग्ण पडता पडता वाचला, अशा नोंदी एकदम थांबल्या तर खूश होऊ नका. चुका थांबलेल्या नसतात, लिहायची भीती बसलेली असते. पुढच्या यादीत आपलं नाव नको म्हणून माणूस गप्प बसतो. यावर उपाय एकच: नोंद करणाऱ्यावर कारवाई होणार नाही हे लेखी द्या, आणि पहिली नोंद आली की ते पाळून दाखवा.

दुसरी खूण, परदेशातल्या नोकरीसाठी जर्मनच्या क्लासला आणि ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेला जाणाऱ्यांची संख्या. ज्यांना बाहेर मागणी असते त्या आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरमधल्या अनुभवी सिस्टर. तुम्ही ज्यांना ठेवलंत, त्याच आधी जातात. त्यांच्याशी राजीनाम्याआधी बोला. पगार लगेच वाढवता येत नसेल तर निदान ठरलेला ऑफ मोडू नका. अनेक जणींना तेवढंच हवं असतं.

आणि काढलेल्यांची यादी फाइलमध्ये पुरू नका. वर्षभरात तीच जागा पुन्हा भरायची झाली तर त्यांना आधी विचारायचं, असं कायदाच सांगतो. ऑगस्टमध्ये डेंग्यूने आमचे वॉर्ड भरले तेव्हा मी त्या अंगठा न लागलेल्या सिस्टरला फोन केला. तिने घरच्यांची खुशाली विचारली, मेट्रनबाई कशा आहेत विचारलं, आणि नाही म्हणाली.