कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खापरावरची पुरणपोळी आणि आमरस ठरलेला. काही वर्षांपूर्वी घाईत मी पुरणाची हरभरा डाळ कुकरमध्ये जवळजवळ गळ्यापर्यंत भरली. बराच वेळ शिट्टी होईना, म्हणून गॅस मोठा केला. थोड्या वेळाने सेफ्टी वॉल्व्ह उडाला आणि पिवळं पाणी थेट छताला लागलं. "काय व्हयनं वं?" म्हणत शेजारच्या काकू धावत आल्या. कुणालाही भाजलं नाही, हे नशीब. नंतर पाहिलं तर वाफ जायच्या नळीत डाळ अडकली होती. तेव्हापासून ओट्याजवळ येणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि मुलालाही मी हे नीट समजावून सांगते.

आधी आत काय चालतं ते बघू. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं. पुढे कितीही जाळ केला तरी ते फक्त आटतं, जास्त तापत नाही. तोरणमाळच्या उंचीवर तर ते ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून तिथे पातेल्यातली डाळ रेंगाळते. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाण्याचा उकळबिंदूही वर सरकतो. घरगुती कुकरची शिट्टी साधारण दर चौरस सेंटिमीटरला १ किलो जादा दाब झाला की उचलली जाते. त्या वेळी आत सुमारे १२० अंश असतात. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये हाडं मऊ करणारं असं भांडं दाखवलं होतं. झाकण उडण्याचा धोका ओळखून वजनावर चालणारा सेफ्टी वॉल्व्हही त्यानेच बसवला.

म्हणजे शिट्टी होणं म्हणजे जास्तीची वाफ बाहेर जाणं, एवढंच. मोठ्या गॅसवर शिट्ट्या भराभर होतात, पण आतली उष्णता वाढत नाही. 'चार शिट्ट्या करा' हे माप मला म्हणूनच पटत नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. भिजवलेली तूरडाळ आठ-दहा मिनिटांत शिजते.

आता लावायचा कसा. झाकण हातात घेऊन नळीतून उजेड आरपार दिसतो का पाहा. दिसला नाही तर सुईने किंवा बारीक तारेने मोकळी करा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, त्यामुळे नळीत आणि शिट्टीत क्षाराचा थर बसतो. दोन्ही अधूनमधून व्हिनेगरमध्ये भिजवून धुवा. रिंग दाबून बघा. कडक झाली असेल, चिरली असेल तर बदला.

भाजी असेल तर पाण्यासकट दोन तृतीयांशापर्यंतच भरा. भात फुगतो आणि डाळ फसफसते, त्यांच्यासाठी पाण्यासकट निम्मा कुकर ही हद्द. डाळीत चमचाभर तेल घातलं की फेस कमी होतो. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकू नका, त्याने फेस वाढतो. चिंच किंवा टोमॅटोही नंतर घाला, आंबटामुळे डाळ बोटचेपी होत नाही. वरण-भात डब्यांत लावणं मला सगळ्यांत सुरक्षित वाटतं. तळाशी दोन पेले पाणी घाला आणि वरचा डबा झाकणाला टेकणार नाही एवढं पाहा.

झाकण लावा, पण शिट्टी लगेच ठेवू नका. नळीतून वाफेची सरळ, जोरकस धार आली की मगच ठेवा. तोवर आतली हवा निघून गेलेली असते, आणि धार आली म्हणजे वाट मोकळी आहे याची खात्रीही होते. धार आलीच नाही, किंवा शिट्टी ठेवून बराच वेळ आवाज नाही, तर गॅस बंद करा आणि कुकर पूर्ण थंड होऊ द्या. मी नेमकं उलट केलं होतं.

गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. मग चमच्याने शिट्टी किंचित उचला. सूं आवाज आला तर दाब अजून आहे. अशा वेळी झाकण जबरदस्तीने उघडलं तर १२० अंशांचं पाणी दाब सुटताच क्षणात उसळून उकळतं आणि डाळीसकट अंगावर येतं. कुकरचे बहुतेक भाजण्याचे प्रकार याच घाईतून होतात. झाकण उघडतानाही त्याची पलीकडची बाजू आधी उचला, तोंड लांब ठेवा.

सेफ्टी वॉल्व्हमध्ये कमी उष्णतेला वितळणारा धातू असतो. पाणी संपून कुकर कोरडा तापला, किंवा माझ्यासारखी नळी तुंबून आतला दाब आणि उष्णता फार वाढली, की तो वितळून वाफेला वाट देतो. एकदा उडाला की त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवीनच बसवा. एम-सील किंवा खिळा लावून काम भागवलेलं मी पाहिलं आहे. ते घरात बॉम्बगोळा ठेवण्यासारखं आहे. नवा कुकर घेताना आयएसआय चिन्ह बघा, भारतात ते आता सक्तीचं आहे.

आणि भाजलंच तर टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. बांगड्या, अंगठी लगेच काढा आणि भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. तोंड, डोळे भाजले किंवा मोठे फोड आले, तर तेवढं करून तडक दवाखाना गाठा.