जुनं ठाणं कानांनी पाहायचं तर

पाहुणे आले की त्यांना मॉल दाखवायचा, ही ठाण्यातली नवी रीत मला पटत नाही. स्टेशन ते सेंट्रल जेल एवढा पट्टा पायी फिरवा, एका कानात निवेदन लावून द्या, बघा काय होतं ते. फक्त ते निवेदन तुमचं स्वतःचं रेकॉर्ड केलेलं हवं. जागा ओळखून आपोआप वाजणारी तयार निवेदनं जुन्या ठाण्यात कुचकामी ठरतात. इथे ठिकाणं एकमेकांना खेटून आहेत, गल्ल्या अरुंद आहेत आणि फोनचा जीपीएस बोळात हमखास भरकटतो. तुम्ही कौपिनेश्वराच्या देवळाच्या दारात असता आणि कानात चर्चची माहिती सुरू होते.

वार रविवार, वेळ सकाळी सात. त्यानंतर जांभळी नाक्यावर पाय ठेवायला जागा मिळत नाही.

वाट सोपी आहे: स्टेशन पश्चिम, जांभळी नाका, कौपिनेश्वर, मासुंदा तलावाला फेरी (गडकरी रंगायतन आणि सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च त्यातच), टेंभी नाका, सिव्हिल हॉस्पिटलसमोरचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), सेंट जेम्स चर्च आणि शेवटी जेल. आठ थांबे, निवेदनाचे आठ तुकडे. एक तुकडा दीड मिनिटाचा, दोन म्हणजे डोक्यावरून पाणी.

रेकॉर्डिंग घरीच करा. पंखा बंद, खिडक्या बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. झालं.

अवघड आहे ते लिहिणं, आणि त्यातही पहिलं वाक्य. सगळे हौशी लोक सुरुवात इतिहासाने करतात: ‘शिलाहारांच्या काळात श्रीस्थानक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नगरीत...’ ऐकणारा बिचारा तेवढ्या वेळात रिक्षा चुकवतोय, त्याला शिलाहारांचं काय! तो कुठे उभा आहे आणि त्याचं तोंड कुणीकडे आहे, हे ठरल्याशिवाय पुढचं सगळं वाया जातं. ‘उजवीकडे पाहा’ हे वाक्य तर मी बंदच करून टाकलंय. उजवीकडे म्हणजे कुणाच्या? माझ्या एका मावशींनी देवळाकडे पाठ करून, समोरच्या फुलवाल्याच्या टोपल्यांमध्ये अतिशय श्रद्धेने कळस शोधला होता.

म्हणून पहिलं वाक्य पायांचं. ‘देवळाच्या दाराकडे तोंड करून, रस्ता सोडून कडेला उभे राहा. राहिलात? आता ऐका.’ ‘राहिलात?’च्या पुढे तीन सेकंद गप्प बसा. ही तीन सेकंदं काढून टाकायचा मोह होतो, काढू नका. मगच सांगा, की कौपिनेश्वराचं हे देऊळ १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधवलं आणि १८७९ मध्ये लोकवर्गणीतून त्याची दुरुस्ती झाली. एका तुकड्यात दोनच सालं, तिसरं कानात राहत नाही. हेच १८७९ पुढे कामाला येतं, कारण बेने इस्रायलींचं, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंचं, सिनेगॉगही त्याच वर्षीचं. तिथे पोचल्यावर ‘मघाचं साल आठवतंय का?’ एवढंच विचारा.

तलावाला फेरी मारताना तर दिशा सांगायच्याच नाहीत. ‘पाणी डाव्या हाताला ठेवा आणि चालत राहा’, बस्स. पाणी जागचं हलत नाही. वाट दाखवताना दुकानांची नावं घेऊ नका. दुकान सहा महिन्यांत बदलतं आणि तुमचं निवेदन मोबाइल कव्हरच्या गाळ्यापाशी माणसाला उभं करून मोकळं होतं. देऊळ, चर्च, रंगायतन, हॉस्पिटल, नाका, एवढ्याच खुणा वापरा.

आणि चालता चालता ऐकायचं नाही. याबाबत मी हट्टी आहे. उभं राहून ऐका, निवेदन थांबवा, मग चाला. दोन्ही कान बंद करून तलावपाळीचा रस्ता ओलांडणाऱ्याने आधी विमा काढावा.

स्टेशनच्या तुकड्यात १६ एप्रिल १८५३ येणारच: बोरीबंदरहून चौदा डबे, तीन इंजिनं, चारशेच्या आसपास पाहुणे. हे सगळ्यांना पाठ असतं, उरकून टाका.

जीव ओता तो जेलच्या तुकड्यात. हा मुळात किल्ला. बांधायला काढला पोर्तुगीजांनी, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होते. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) त्यांच्या खिडकीखाली घोडा खरारा करत गाणी म्हणायचा. पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठी कळत नव्हतं. गाण्यात होता पळून जाण्याचा बेत! १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. कलकत्त्याच्या बिशप हेबरने ही हकीकत लिहून ठेवली आहे. मघाशी पाहिलेल्या सेंट जेम्स चर्चचं १८२५ मध्ये अभिमंत्रण करणारा हाच तो हेबर, म्हणून ते चर्च आधी आणि जेल नंतर. ठाण्यातलं पहिलं कानातलं निवेदन त्या मोतद्दाराचं, असं मी पाहुण्यांना बिनदिक्कत ठोकून देतो.

याच जेलमध्ये १९ एप्रिल १९१० रोजी, नाशिकच्या जॅक्सन वधाबद्दल, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. हे सांगताना पार्श्वसंगीत घालू नका. सनई, तुतारी, काहीही नको. नावं आणि तारीख सावकाश उच्चारा.

तुकडे व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका. ते एकामागोमाग आपोआप वाजत सुटतात आणि माणूस स्टेशनवरच फाशीपर्यंत पोचतो. क्रमांक घालून, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जेलच्या फाटकासमोर फोन वर धरून घुटमळायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. आधीच थोडं लांब उभं राहून तुकडा ऐका. परतीला सरळ रिक्षा करा. तोवर नऊ वाजून गेलेले असतात आणि जांभळी नाक्यावर भाजीच्या पिशव्यांशी झुंजण्यात काही अर्थ नसतो.