पुरात बोट आणि हेलिकॉप्टर येण्याआधी वस्तीने काय तयार ठेवावं

मी लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहन विभागातून, निवृत्त झालो. आता कळव्याला राहतो आणि दर पावसाळ्याआधी खाडीकाठच्या वस्त्यांमधल्या पोरांना हे शिकवतो. जवान येतात तेव्हा हिंमत आणि साधनं घेऊनच येतात. त्यांच्याकडे नसते ती इथली माहिती, आणि ती तुम्हीच देऊ शकता.

२७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. हजाराच्या आसपास प्रवासी गाडीत होते. एनडीआरएफच्या बोटी, नौदलाचे पाणबुडे, लष्कर, हवाई दलाची हेलिकॉप्टरं, रेल्वे, पोलीस आणि आसपासचे गावकरी, सगळे एकाच कामाला लागले आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. अशा दिवशी आपण कुठे उपयोगी पडतो ते सांगतो.

लष्कराला थेट बोलावता येत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, मदतीची मागणी प्रशासनामार्फतच जाते. तुम्ही १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा. वस्तीच्या वतीने कोण बोलणार, तो एक माणूस मे महिन्यातच ठरवून टाका. दहा जणांनी दहा आकडे सांगितले की कक्षातला माणूस कशावरच विश्वास ठेवत नाही. पथक आलं की कोणतं काम हवं ते प्रशासन सांगतं, ते कसं करायचं ते पथकाचा अधिकारी ठरवतो. ‘साहेब, आधी आमची गल्ली’ म्हणून कुणी मध्ये पडू नका.

आता ठिकाण. ‘पाइपलाइनच्या मागे’ हे रिक्षावाल्याला कळतं, वैमानिकाला नाही. मोबाइलच्या नकाशावरून अक्षांश-रेखांश द्या, पण आकडा कोणत्या पद्धतीचा आहे तेही सांगा. मोबाइल बहुधा दशांशात दाखवतो, हेलिकॉप्टरवाले अंश आणि मिनिटांत बोलतात. १९.२० म्हणजे १९ अंश १२ मिनिटं. ऐकणाऱ्याने ते १९ अंश २० मिनिटं असं धरलं, तर आठ मिनिटांचा फरक पडतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास १.८५ किलोमीटर. तुम्ही ठाण्यात गच्चीवर उभे आणि हेलिकॉप्टर पंधरा किलोमीटर उत्तरेला, भिवंडीच्याही पुढे. म्हणून आकडा बोलताना ‘दशांश’ हा शब्द उच्चारा आणि समोरच्याकडून पूर्ण आकडा परत म्हणवून घ्या. मी पोरांकडून हे पुन्हा पुन्हा करून घेतो, कंटाळले तरी.

बोटवाल्यांना पाण्याखाली काय आहे ते हवं असतं: तारेचं कुंपण, उघडी गटारं, बुडालेल्या मोटारसायकली. रबरी बोट कुंपणाच्या एका टोकाने फाटते. वाट माहीत असलेला, पोहता येणारा एक जण लाइफ जॅकेट घालून पहिल्या बोटीत बसवा. त्या भागाची वीज बंद झाल्याची वीज कंपनीकडून खात्री झाल्याशिवाय कुणीही पाण्यात उतरू नये. भरतीची वेळ लिहून ठेवा, कारण खाडीत भरती असली की पाणी ओसरत नाही.

हेलिकॉप्टरसाठी मोकळं मैदान आधी हेरून ठेवा. विजेच्या तारा आणि मोबाइल टॉवर कुठे आहेत ते सांगा. पंख्याच्या वाऱ्याने सुटे पत्रे आणि ताडपत्र्या उडतात, तेव्हा त्या काढा किंवा बांधा. आणि ड्रोन अजिबात उडवू नका, चित्रीकरणासाठीही नाही.

मोबाइलला रेंज जेमतेम असेल तर कॉलऐवजी एसएमएस करा, तो जाण्याची शक्यता जास्त असते.

शेवटचं काम यादीचं. घरागणिक माणसं, कोण अंथरुणाला खिळलेलं, कोणाला इन्सुलिन लागतं, कोण गरोदर, हे कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. एक प्रत बोटीत चढवणाऱ्याकडे, दुसरी निवारा केंद्राच्या दारावर. बोटीत चढलेल्यांची आणि केंद्रात पोचलेल्यांची नावं जुळली की मगच पथकाच्या अधिकाऱ्याला सांगा की वस्ती रिकामी झाली.