६२ पेपर, तीन सकाळी: ऑनलाइन तपासणी वेळेत कशी उरकावी

पेपर वाचायला फार वेळ लागतच नाही, वेळ जातो तो भलतीकडेच. हे मला कळलं ते एकदा घड्याळ लावून बसले तेव्हा. दहावी विज्ञानाचे ६२ पेपर होते. मी भुसावळला, मुलं यावल, चोपडा, थेट शहाद्यापर्यंतची. कुणाचा फोटो आडवा, कुणाचं पान उलटं, कुणाचं नावच नाही. फाइल शोधून सरळ करण्यात दर पेपरामागे दोन मिनिटं, म्हणजे एकही गुण न देता दोन तास खलास.

म्हणून तपासणीची सुरुवात पेपर काढायच्या आधीच करा.

पहिली पायरी: पेपर येणार कसा, ते ठरवा. प्रत्येक मोठ्या प्रश्नाची वेगळी पीडीएफ मागवा. फाइलच्या नावात आधी प्रश्न क्रमांक, मग हजेरी क्रमांक. सगळं गूगल क्लासरूमवरच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पेपर सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो. मुदतही विचार करून द्या. घरात एकच मोबाइल आणि तो दिवसभर वडिलांबरोबर केळीच्या बागेत असेल, तर संध्याकाळी पाचची मुदत देऊन उपयोग काय? मी रात्री साडेनऊ ठेवते. कापूस वेचणीच्या दिवसांत आणखी दोन दिवस वाढवून देते. उशिरा, एकेक करून आलेले पेपर तपासायला सगळ्यात जास्त वेळ खातात.

दुसरी पायरी: छोटे प्रश्न यंत्राकडे सोपवा. पर्यायी प्रश्न गूगल फॉर्मच्या क्विझमध्ये टाकले की गुण आपोआप पडतात. एका शब्दाच्या उत्तरांत मात्र फसायला होतं. ‘२० सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगाची शक्ती किती?’ असं विचारलं तर मुलं ‘5’ लिहितात, ‘५’ लिहितात, ‘+५’, ‘५ डायॉप्टर’, ‘पाच’ असंही लिहितात. सगळी बरोबर. पण फॉर्म अक्षराला अक्षर जुळवतो, त्यामुळे उत्तरसूचीत एकच रूप दिलं असेल तर बाकीची मुलं शून्यावर. चालणारी सगळी रूपं आधीच भरून ठेवा, नाहीतर सरळ चार पर्याय द्या. मी आता पर्यायच देते.

तिसरी पायरी: गुण कशाला, ते लिहून काढा. ही पायरी सगळे गाळतात आणि इथेच सगळ्यांचा वेळ जातो. ‘याला तीन द्यावेत की साडेतीन?’ हा विचार ६२ वेळा करायचा की एकदा? पाच गुणांच्या उत्तराचे तुकडे पाडून तक्ता करा: आकृती दोन, नावं एक, स्पष्टीकरण दोन. मग कुठलेही पाच पेपर नुसते वाचा, गुण देऊ नका. तुम्हाला न सुचलेल्या अडचणी त्यातच सापडतात. मला सापडली ती भाषेची. एका मुलाने ‘बठ्ठा प्रकाश एका बिंदूत मिळतो’ असं लिहिलं होतं. बठ्ठा म्हणजे अहिराणीत सगळा. विज्ञान बरोबर होतं, गुण कापायचं कारणच नव्हतं. पण हे आधी ठरलं नसेल तर सकाळी ताज्या डोक्याने पूर्ण गुण दिले जातात आणि थकल्यावर तेच उत्तर चुकीचं वाटतं. मी तक्त्यात लिहून टाकलं: बोलीतल्या शब्दाला गुण कापायचे नाहीत. मराठीचा पेपर असता तर कदाचित वेगळं ठरवलं असतं.

चौथी पायरी: रोज एकच प्रश्न. एक पेपर पूर्ण करून दुसरा हाती घेऊ नका. पहिल्या दिवशी ६२ जणांचा पहिला मोठा प्रश्न, दुसऱ्या दिवशी दुसरा. तक्ता डोक्यात बसला की एका उत्तराला दोन मिनिटं पुरतात, म्हणजे रोज दोन तास. तीन मोठे प्रश्न, तीन सकाळी. सकाळी यासाठी की एप्रिलमधल्या भुसावळात दुपारी बाराला डोकं चालतं असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. सहा ते आठ बसा. लाइट जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा लॅपटॉप रात्रीच चार्ज करा आणि त्या दिवसाच्या फाइल उतरवून ठेवा.

पाचवी पायरी: शेरे आवरा. प्रत्येक ओळीखाली लाल शाई ओतली तरी मुलगा आधी गुणच बघतो. एका पेपरला एक शेरा, तोही पुढच्या वेळी काय करायचं ते सांगणारा: ‘किरणांवर बाण काढ.’ त्याच त्या चुका वर्गभर असतात. माझे असे १४ शेरे क्लासरूमच्या कॉमेंट बँकेत, म्हणजे शेरे साठवायच्या यादीत, आहेत. # टाकून एखादा शब्द लिहिला की शेरा समोर येतो. अगदी वेगळंच चुकलं असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज. टाइप करण्यापेक्षा तो लवकर होतो, आणि मुलं तो ऐकतात.

तिसऱ्या दिवशी बेरजा करून पहिले पाच पेपर पुन्हा बघा. सुरुवातीला हात आखडता असतो.

आणि गुण रात्री जाहीर करू नका. मी एकदा केले, आणि साडेदहाला फोन वाजला, ‘मॅडम, मना पोऱ्याले दोन मार्क कमी काबरं?’ सकाळी दहाला टाका, शंकांना अकरा ते बारा वेळ द्या, आणि कशाला किती गुण त्या तक्त्याचा फोटो वर्गाच्या गटावर आधीच टाकून ठेवा. निम्मे फोन येतच नाहीत.