हिरड्यांचे फोटो दाखवूनही पेशंट हलत नाही? या चुका टाळा

तोंडाच्या आतले फोटो काढणारा इंट्राओरल कॅमेरा घेतला, खुर्चीसमोर मोठा स्क्रीन लावला, तरी पेशंट "हो हो" म्हणून जातो आणि पुढच्या वेळी तेवढंच कीटण घेऊन येतो. कॅमेऱ्याला बोल लावण्याआधी आपण दाखवतो कसं, ते तपासा.

पेशंट आडवा, तोंडात लाळ ओढणारी नळी, आणि आपलं भाषण चालू. त्याला ना धड दिसतं, ना काही विचारता येतं. खुर्ची सरळ करा, चूळ भरू द्या, मग स्क्रीन वळवा. फोटोंची रांगही नको, एकच जागा पुरते. हिरडीच्या कडेत शिरलेला प्रोब (खोली मोजायची खुणांची बारीक सळई), त्यावरची आत गेलेली खूण, शेजारी रक्ताचा थेंब. "निरोगी हिरडीत हा फार तर 3 मिलिमीटर जातो, इथे 6 गेलाय," एवढं सांगा आणि गप्प बसा. पुढचा प्रश्न त्यालाच विचारू द्या. दुसऱ्याच कुणाच्या हलणाऱ्या दातांचे भीतीदायक फोटो तर नकोतच. "माझं एवढं नाही" म्हणायला आयती सोय होते.

सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत फोटो फसवतो. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, सूजही फारशी दिसत नाही. तिथे पॉकेटचे (दात आणि हिरडीमधल्या फटीच्या खोलीचे) आकडे आणि एक्स-रे पुढे करा. पण हाडाची सुरुवातीची झीज एक्स-रेत दिसत नाही, म्हणून "एक्स-रे ठीक आहे" एवढ्यावर कुणाला निर्धास्त करू नका.

प्लाक (दातांवरचा जंतूंचा चिकट थर) रंगवणारा डाय लावायचा आणि लगेच आपणच पॉलिश करून टाकायचं, ही तर हातची संधी घालवणं. आरसा आणि ब्रश पेशंटच्या हातात द्या, रंग त्यालाच काढू द्या. दुरंगी डायमध्ये जुना थर निळा-जांभळा दिसतो, ताजा गुलाबी. "आज सकाळी घाई झाली हो" ही सबब निळ्या रंगापुढे टिकत नाही. (आधी ओठांना व्हॅसलिन लावा, नाहीतर रंगलेल्या ओठांचीच चर्चा होते.)

आधीचा-नंतरचा फोटो जुळत नसेल तर प्रकाश आणि कोन पाहा. दिवा बदलला की हिरडी उगीच लाल किंवा फिकी दिसते. लेन्सवर वाफ धरत असेल तर पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगा.

तुलनेचा फोटो सहा महिन्यांवर ढकलू नका. 1965 मध्ये हॅरल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांना दात घासणं थांबवायला लावलं, तेव्हा तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात सूज उतरली. नुसती हिरडीची सूज असेल तर पंधरा दिवसांनी बोलवा, फरक डोळ्यांना दिसतो. खोल पॉकेटला मात्र काही महिने द्यावे लागतात, आणि गेलेलं हाड घासून परत येत नाही. शिवाय तिथे सूज ओसरली की दात लांब दिसतात, मधल्या फटी उघड्या पडतात. हे स्केलिंगच्या (कीटण खरवडून काढण्याच्या) आधी, पहिल्याच फोटोवर बोट ठेवून सांगून टाका. नंतर सांगितलंत तर पेशंटला वाटणार, फटी तुम्हीच पाडल्या.