सावळ्या कातडीवर वण फुगला तर काय करायचं

माझ्या भाचीने दहावीनंतर कानाच्या पाळीला दुसरं छिद्र पाडून घेतलं. चार महिन्यांत तिथे हरभऱ्याएवढी गाठ आली. घरच्यांनी चुना लावला. कातडी भाजली, गाठ जागची हलली नाही.

आधी वण ओळखा. जखमेच्या हद्दीतच उंच झालेला वण बहुतेकदा वर्षभरात हळूहळू बसतो. हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर चढतो तो केलॉइड. तो सहसा आपोआप जात नाही आणि सावळ्या-काळ्या वर्णात जास्त होतो. आपल्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून बोटाने चाचपा: टणक लागतो का, खाजतो का, दुखतो का? शेजारी एक रुपयाचं नाणं धरून दर महिन्याला त्याच उजेडात फोटो काढा. वाढ त्यात लगेच कळते.

खपली पडून जखम पूर्ण भरली की सिलिकॉनची पट्टी किंवा जेल सुरू करा. पट्टी दिवसाचे निदान 12 तास, दोन-तीन महिने तरी. नागपूरच्या मे महिन्यात तिच्याखाली घाम साचून पुरळ उठतं. रोज काढून धुवा, कातडी कोरडी करून मगच लावा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मी तर जेलच वापरा म्हणेन. उन्हाने वण आणखी काळवंडतो, त्यामुळे बाहेर पडताना दुपट्ट्याने झाका.

केलॉइड वाटला तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. नागपुरात मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मेयो रुग्णालय, मिहानचं एम्स, तिन्हीकडे हा विभाग आहे. तिथे ट्रायॅमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन थेट गाठीत देतात, साधारण 4 ते 6 आठवड्यांनी एक. दुखतं, हे मुलांना आधीच सांगा. औषध आजूबाजूला उतरलं तर कातडी पांढुरकी पडते आणि सावळ्या रंगावर ती उठून दिसते. म्हणून ‘कमी डोसने सुरू करता येईल का?’ हे जरूर विचारा. मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर तेही सांगा. गाठ गोठवण्याच्या उपचाराने रंग जाण्याची भीती याहून मोठी. चेहऱ्यावर तो घाईने करू नका.

नुसती कापून टाकण्याचा आग्रह मात्र धरू नका. अशी गाठ निम्म्या वेळी तरी परत येते, कधी आधीपेक्षा मोठी. कापलीच तर पाठोपाठ इंजेक्शनं आणि पाळीवर दाब देणारी क्लिप हवी.

भाचीची गाठ चार इंजेक्शनांत सपाट झाली. आता तिला नाक टोचायचंय. मी नाही म्हटलं, कारण एकदा केलॉइड झाला की टोचणं, गोंदणं टाळावंच. पुढे कधी ऑपरेशन ठरलं, तर टाके घालण्याआधी सर्जनना हे सांगायचं, एवढं तिच्याकडून वदवून घेतलंय.